एफ म्हणजे फास्टिंग

रिपोर्ट आले तेव्हा अजिनाथराव ताकभाते यांनी आधी चष्मा पुसला, मग टेबल पुसलं आणि मग पाकिटातले दोन कागद बाहेर काढून शेजारी शेजारी मांडले. एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांची चौतीस वर्षं गेली होती. त्या चौतीस वर्षांत एकही कागद चुकीच्या फायलीत गेला नाही, हे सगळ्या जुळे सोलापूर वस्तीला माहीत होतं, कारण अजिनाथराव स्वतःच ते सगळ्यांना सांगत. निरोपाच्या भाषणात त्यांनी ते तीनदा सांगितलं होतं.

"मथुरा, इकडे ये. तुझा कागद कुठला आणि माझा कुठला, ते नीट बघून घे. नंतर घोळ नको."

मथुराबाई मागच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हाताला ज्वारीचं पीठ होतं. त्या कडक भाकरी करून विकत. दोन दुकानं आणि निम्मी गल्ली त्यांच्याकडून भाकरी नेई. पातळ थापायची, भाजायची, मग पापडासारखी कुरकुरीत होईपर्यंत निखाऱ्यापाशी उभी करून ठेवायची. उजाडायच्या आधीपासून दुपारपर्यंत त्या मागच्या पत्र्याच्या खोलीत चुलीपुढे असत. खोलीला खिडकी होती, पण शेजारच्या नव्या भिंतीने ती वीस वर्षांपूर्वीच बुजवून टाकली होती.

"तुमीच बगा की. मला विंग्रजी कुटं येतंय?"

चार दिवसांपूर्वी जवळच्या मंगल कार्यालयात आरोग्य शिबिर झालं होतं. दोघांनी रक्त दिलं होतं आणि व्हिटॅमिन डीचे कागद आता एकाच पाकिटात कोंबून आले होते. अजिनाथरावांनी पहिला कागद उचलला. त्यावर इंग्रजीत छापलं होतं, एम. ए. ताकभाते, ५८ / एफ.

आता सरळ वाचलं असतं तर मथुरा अजिनाथ ताकभाते, वय अठ्ठावन्न, स्त्री, एवढंच त्यात होतं. पण चौतीस वर्षं कागद वाचलेला माणूस सरळ वाचत नाही.

"एम. ए. म्हणजे मिस्टर अजिनाथ. हा माझा," ते म्हणाले. "आणि दुसरा ए. एम. म्हणजे अजिनाथची मथुरा. तो तुझा."

"आन त्यो एफ?"

"एफ म्हणजे फास्टिंग. उपाशीपोटी."

"आवं, पण तुमी कुटं उपाशी हुता? डिशभर सुशीला खाऊन गेला हुता की. उपास माझा हुता, सोमवारचा."

"चुरमुरे म्हणजे काय खाणं आहे का? चुरमुऱ्यांना डॉक्टर लोक फास्टिंगच धरतात." अजिनाथराव कागदाकडे बघून हसले. "वय बघ काय घातलंय. अठ्ठावन्न! त्या टेबलावरच्या मुलीला मी अठ्ठावन्नचा वाटलो. मी फॉर्मवर त्रेसष्ट लिहिलं होतं, तिला खरंच वाटलं नसेल."

"आन माझं किती हाय?"

दुसऱ्या कागदावर ए. एम. ताकभाते, ६३ / एम असं होतं. अजिनाथरावांनी क्षणभर विचार केला. "एम म्हणजे मॅरिड," ते म्हणाले. "वय मात्र... त्रेसष्ट लिहिलंय."

भिंतीवरच्या आरशात मथुराबाईंनी एकदा पाहिलं, पदराने गालावरचं पीठ पुसलं. "दिसत आसंल," त्या म्हणाल्या. "थकल्यागत तर झालंयच."

मग अजिनाथरावांची नजर खाली आकड्यांवर गेली. 'अजिनाथच्या मथुरे'चं व्हिटॅमिन डी चौतीस होतं आणि 'मिस्टर अजिनाथां'चं नऊ. ते खुर्चीत बसले.

"काय झालं वो?"

"नऊ," अजिनाथराव म्हणाले. "तीसच्या वर पाहिजे, मथुरा. माझं नऊच आहे."

हसू येण्यासारखी गोष्ट होती, पण त्यांच्या चेहऱ्यावरचं भय खरं होतं. त्यांचे वडील महिपती एकसष्टाव्या वर्षी वैरागच्या आठवडी बाजारात उभ्या उभ्या गेले होते. एका हातात कांद्यांची पिशवी होती, ती सुटलीसुद्धा नव्हती. तेव्हापासून अजिनाथराव छातीत जरा कळ आली की हातातलं सामान आधी खाली ठेवत. शिबिरात हृदयरोगाच्या डॉक्टर राजेश्वरी हिरेमठ यांनी भाषण केलं होतं. ज्यांच्या रक्तात डी कमी असतं त्यांच्यात हृदयविकार जास्त दिसतो, बायकांतही आणि पुरुषांतही, पण डीमुळेच तो होतो असं अजून सिद्ध झालेलं नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. बायकांचं दुखणं नेहमी छातीतच असतं असं नाही, हेही त्यांनी बराच वेळ समजावलं होतं. ते ऐकायला मथुराबाई तिथे नव्हत्या. अजिनाथरावांनी त्यांना बीपीच्या रांगेत नंबर धरायला उभं केलं होतं. आणि अजिनाथरावांनी वहीत फक्त 'डी कमी, हृदयविकार, पुरुष' एवढं टिपून घेतलं होतं.

पुण्याहून मुलीचा, सृष्टीचा फोन आला. "पप्पा, रिपोर्टचा फोटो पाठवा."

आकडा ठळक दिसावा म्हणून अजिनाथरावांनी कागद नावाच्या खाली बरोबर दुमडला आणि नऊचा फोटो पाठवला.

"पप्पा, सोलापुरात राहून ऊन कमी पडलं तुम्हाला?"

"रेकॉर्ड रूमला खिडकी नव्हती, बाळ," ते जड आवाजात म्हणाले.

"डॉक्टरला दाखवा आधी. आणि आईचं?"

"आईचं उत्तम आहे. चौतीस. तिची काळजी नाही."

आणि खरंच त्या दिवसापासून तिची काळजी कुणी केली नाही.

डॉक्टरकडे जायचं ठरलं, पण आठ दिवसांनी. मोबाईलवर एका माणसाने सांगितलं होतं की आधी आठवडाभर अंगावर ऊन घ्या, मग आकडा पुन्हा तपासा. आठवड्याने आकडा वाढलेला घेऊनच डॉक्टरसमोर जावं, असं अजिनाथरावांना वाटलं. शाळेतही ते तपासणीच्या आधी वही पूर्ण करत.

ऊन गच्चीवर होतं, म्हणून लोखंडी खाट वर न्यायची ठरली. बाहेरच्या जिन्याला अठरा पायऱ्या. खालून मथुराबाईंनी धरली, वरून अजिनाथरावांनी. पाचव्या पायरीवर अजिनाथरावांना आठवलं की आपण हार्टचे पेशंट आहोत आणि त्यांनी हात सोडला. खाट मथुराबाईंच्या खांद्यावर आली. पुढच्या तेरा पायऱ्या त्यांनी ती एकटीने ओढली. मध्ये नऊ वेळा थांबल्या. वर पोचल्यावर कठड्याला धरून बराच वेळ उभ्या राहिल्या.

"धाप लागली का?" अजिनाथरावांनी विचारलं. "तुझं डी चांगलं असून? मग माझं काय झालं असतं, बघ."

"व्हय की," मथुराबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून कार्यक्रम सुरू झाला. सकाळी दहा ते साडेअकरा अजिनाथराव अर्ध्या चड्डीवर, अंगाला तिळाचं तेल चोपडून, खाटेवर पडत. पंधरा मिनिटं पाठ, पंधरा मिनिटं पोट. कूस बदलायची वेळ सांगायला मथुराबाईंनी वर यायचं. मध्ये एकदा ताक, एकदा लिंबूपाणी आणि डोकं तापू नये म्हणून एक ओला पंचा. एप्रिलमध्ये सोलापूरकर दारं-खिडक्या लावून घरात बसतात. अजिनाथराव मात्र तव्यावरच्या भाकरीसारखे गच्चीवर पडलेले असत आणि खाली खरी भाकरी करपत असे.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या चंद्रव्वा तक्रार घेऊन आल्या. गच्ची दोन्ही घरांची सामाईक होती. त्या अक्कलकोटच्या. बोलायला लागल्या की अर्धं कानडी, अर्धं मराठी.

"अय्योऽ, मथुरक्का, हे काय म्हणायचं? तुमचा मालक वर चड्डीवर पडतोय. आमी कुरडया कुटं घालायच्या? सून माझी वर यायला नाही म्हणते."

"आजारी हायत वो ते, चंद्रव्वा. हार्टचं हाय."

"आजारी माणूस इतका लाल दिसतो होय? चांगला टमाट्यासारखा झालाय." चंद्रव्वांनी मथुराबाईंकडे निरखून पाहिलं. "आजारी तूच दिसतेस. तोंड असं का गं काळवंडलंय?"

"वर-खाली करून ऊन लागलं आसंल."

त्यावर मथुराबाईंनी गच्चीच्या मधोमध दोरी बांधून एक जुनं लुगडं आडवं लावलं. मग लुगड्याची सावली खाटेवर पडू लागली. मग खाट सरकवली. दहा मिनिटांनी सावलीही सरकली. मग दर दहा मिनिटांनी खाट सरकवायला वर यावं लागू लागलं. अजिनाथरावांनी पडल्या पडल्या त्याचंही वेळापत्रक केलं आणि जिन्याच्या दाराला चिकटवलं.

मथुराबाईंच्या पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मधे, काहीतरी घट्ट बांधल्यासारखं होत होतं. कधी ते वर सरकून जबड्यात येई.

"दाढ दुखतीया वाटतं," एकदा त्या लिंबूपाणी देता देता म्हणाल्या.

"लवंग धर," अजिनाथराव पालथे होते, तसेच म्हणाले.

त्यांनी लवंग धरली. जबडा थांबला नाही. रात्रीच्या शिळ्या पिठल्याने पित्त झालं असेल म्हणून त्यांनी ओवा खाल्ला आणि उरलेलं पीठ मळायला घेतलं.

तोवर बातमी गावी, वैरागला पोचली होती. सृष्टीने काकाला, म्हणजे भिमाला, एवढंच सांगितलं होतं की पप्पांचं व्हिटॅमिन कमी आहे, हार्टला जपायला हवं. भिमाने ते बार्शीच्या मेहुण्याला सांगितलं, मेहुण्याने आणखी कुणाला. परत वैरागला येईपर्यंत त्या बातमीत अजिनाथरावांना एक अटॅक येऊन गेलेला होता. मग भेटायला माणसं येऊ लागली. पाहुणे आले, पाहुण्यांचे शेजारी आले, एकदा तर सोलापुरात बियाणं घ्यायला आलेले तिघेजण सहज डोकावून गेले. सगळे गच्चीवर जात आणि खाटेभोवती डोक्याला टॉवेल गुंडाळून बसत. खालून चहा येई. मग परत कप खाली जात. जाताना प्रत्येकजण म्हणे, "वैनी, दादाला जपा," आणि प्रत्येकाच्या पिशवीत मथुराबाई दहा-दहा कडक भाकरी घालत.

"तुमी कशा हायसा, वैनी?" असं जाताना भिमा एकदा म्हणाला खरं, पण तेव्हा त्याने मोटारसायकलला किक मारली होती आणि मथुराबाई काय म्हणाल्या ते त्याला ऐकू गेलं नाही.

आठवा दिवस रविवार होता. दुसऱ्या दिवशी रक्त पुन्हा तपासायचं होतं, म्हणून अजिनाथरावांनी शेवटचा जोर लावायचं ठरवलं. भिमा सकाळीच आला होता. तो सावलीत, लुगड्यापलीकडे बसून म्हणाला, "दादा, आज बारापस्तोर पड. आकडा कसा चाळीसला जाईल." पारा त्रेचाळीसला गेला होता. पावणेबाराला अजिनाथराव कूस बदलायला उठले आणि त्यांना गच्ची फिरताना दिसली.

"भिमा! आलं रे! आलं!"

"काय आलं?"

"अटॅक!"

भिमा घाबरून गेला. त्याने फोन काढून ॲम्ब्युलन्स बोलावली, "हार्टचा पेशंट हाय, लवकर या," म्हणून पत्ता सांगितला आणि खालच्या दिशेने हाक मारली, "वैनी, पाणी आणा! दादाला अटॅक आलाया!"

मथुराबाई मीठ-साखरेचं पाणी घेऊन निघाल्या. अकराव्या पायरीपर्यंत आल्या. तिथे त्यांना वाटलं, जरा बसावं. तांब्या नीट, पाणी न सांडता, त्यांनी शेजारच्या पायरीवर ठेवला आणि त्या बसल्या. भिंतीला टेकल्या. सगळं अंग घामाने थंड झालं होतं.

भिमा वरून धावत आला. "वैनी, वाटेत काय बसलासा? सरा जरा, सरा!"

मथुराबाई सरल्या. भिमाने तांब्या उचलला आणि वर पळाला. मग पंचा न्यायला खाली गेला, मग पंखा न्यायला, मग ॲम्ब्युलन्स आली का ते बघायला. प्रत्येक वेळी तो त्यांना ओलांडून गेला. गल्ली जमली. लोक जिन्याने वर चढू लागले. चढणारे सगळे "सरा, बाई, पेशंट वर आहे," म्हणत होते आणि मथुराबाई प्रत्येकाला वाट देत थोड्या थोड्या आक्रसत गेल्या. एकट्या चंद्रव्वा त्यांच्यापाशी बसल्या आणि पदराने वारा घालू लागल्या.

ॲम्ब्युलन्समधून एक डॉक्टरीणबाई उतरल्या, मागे स्ट्रेचर घेऊन दोघे.

"पेशंट कुठंय?"

गल्लीने एकमुखाने गच्चीकडे बोट दाखवलं. वरून अजिनाथरावांनीही कठड्यावरून हात हलवून आपली जागा दाखवली.

डॉक्टरीणबाई अकराव्या पायरीशी थांबल्या. त्यांनी मथुराबाईंची नाडी धरली, डोळ्यांत पाहिलं, मानेपाशी हात लावला. "स्ट्रेचर इथं आणा," त्या म्हणाल्या.

"अवो बाई," भिमा ओरडला, "पेशंट वर हाय! ह्या आमच्या वैनी हायत! ह्यास्नी काय झालेलं न्हाय!"

"बाजूला व्हा."

"मॅडम, ह्यांचं डी चौतीस आहे!" अजिनाथराव वरून म्हणाले.

तोवर स्ट्रेचर उचललं गेलं होतं. मथुराबाईंनी हात वर करून काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. "चुलीवर..." एवढं ऐकू आलं. आणि मग जे झालं ते गल्ली अजून सांगते. ज्यांना अटॅक आला होता ते अजिनाथराव अर्ध्या चड्डीवर, तेलाने चकाकत, अठराच्या अठरा पायऱ्या धावत उतरले आणि सुरू झालेल्या ॲम्ब्युलन्समागे चौकापर्यंत पळाले. अनवाणी. चंद्रव्वांच्या मुलाने त्यांना स्कूटरवर घेतलं आणि वाटेत स्वतःचा शर्ट काढून दिला.

हॉस्पिटलात मथुराबाईंना आत नेलं ते नेलंच. दोन तासांनी डॉक्टर राजेश्वरी हिरेमठ बाहेर आल्या. रक्तवाहिनी उघडली आहे, जिवावरचं टळलं आहे, असं त्यांनी सांगितलं. अजिनाथरावांनी हात जोडले.

"पण उशीर झालाय," डॉक्टर म्हणाल्या. "हा त्रास आजचा नाही, चार-पाच दिवस तरी चालू असणार. हृदयाचा एक भाग गेला तो गेला. आता ते निम्म्याहून कमी ताकदीने चालेल. त्यांना काही होत नव्हतं? पाठ दुखणं, दम लागणं, जबडा?"

"दाढ दुखत होती," अजिनाथराव म्हणाले. "मी लवंग सांगितली."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "आधीचे काही रिपोर्ट?"

भिमाने घरून फायली आणल्या होत्या. दोन फायली होत्या, दोन्हींवर सुवाच्य अक्षरात नावं. डॉक्टरांनी वरची उघडली.

"यांचं व्हिटॅमिन डी फारच कमी होतं की. नऊ."

"नाही, ते माझं," अजिनाथराव म्हणाले. "तिचं दुसऱ्या फायलीत आहे."

"हे तुमचं? यावर एम. ए. आहे."

"मिस्टर अजिनाथ."

"आणि ५८, एफ?"

अजिनाथरावांनी तोंड उघडलं. 'एफ म्हणजे' एवढं ते म्हणाले. पुढचा शब्द त्यांच्या जिभेवर होता, आठ दिवस होता, पण आता या पांढऱ्या भिंतीपुढे तो त्यांना स्वतःलाच ऐकू आला. त्यांनी कागद डॉक्टरांच्या हातातून घेतला आणि वाचला. सरळ वाचला. मग दुसऱ्या फायलीतला वाचला. मग पुन्हा पहिला.

"म्हणजे तिचं डी कमी होतं म्हणून..." अजिनाथराव म्हणाले. "मी तो कागद..."

"तसं म्हणता येणार नाही," डॉक्टर हळू म्हणाल्या. "दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात, पुरुषांत आणि बायकांतही, एवढंच आम्हाला माहीत आहे. नुसत्या डीने हे झालं असं नाही आणि नुसत्या गोळीने टळलंही नसतं. बाकीचं बरंच काही असतं." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "पण हा कागद त्यांचा म्हणून त्या माझ्यासमोर आल्या असत्या, तर मी त्यांना विचारलं असतं, बाई, तुम्हाला काय काय होतंय? तेवढं मात्र झालं असतं."

बाहेरच्या बाकांवर वैरागची सगळी माणसं जमली होती. सृष्टी पुण्याहून निघाली होती. एकजण अजिनाथरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुझ्याच काळजीनं पडली रे बिचारी. तू आता जिवाला जप." दुसरा म्हणाला, "आंगावर काडायची सवयच आसतीया बायांना. सांगायला नगं व्हय?"

त्यावर मान हलवून गप्प बसणं सोपं होतं. अजिनाथराव उभे राहिले. अंगात चंद्रव्वांच्या मुलाचा शर्ट होता, तो त्यांना पोटावर बसत नव्हता.

"माझ्या हातून कागद चुकला," ते म्हणाले. "मला काही झालेलं नाही. झालं नव्हतंच. आजारी ती होती. तिच्या आजारपणात आठ दिवस मी खाटेवर पडलो आणि तिला वर-खाली करायला लावलं."

भिमा उठून खिडकीशी गेला आणि बराच वेळ पाठमोरा उभा राहिला. सात वेळा आपण वैनीला ओलांडून गेलो, हे त्याने नंतर चंद्रव्वांना सांगितलं. त्याने मोजलं होतं.

तेरा दिवसांनी मथुराबाई घरी आल्या. अर्ध्या झाल्या होत्या. चार पावलं टाकली की बसत. चूल बंद झाली. दुकानवाले विचारायला आले, तेव्हा अजिनाथरावांनी त्यांना दारातूनच सांगितलं. मथुराबाई आत पडून ते ऐकत होत्या. मग भिंतीकडे तोंड करून त्या रडल्या. दुखण्यात रडल्या नव्हत्या, त्या भाकरीसाठी रडल्या. अजिनाथराव शेजारी बसून होते. काय करावं हे कळेना, म्हणून त्यांनी त्यांच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. ते आधीच सारखं होतं.

गोळ्या सात प्रकारच्या होत्या. अजिनाथरावांनी तक्ता केला, डबी आणली, सकाळ-दुपार-संध्याकाळ लिहिलं. पहिल्या दिवशी त्यांनी गोळी पुढे केली तेव्हा मथुराबाईंनी ती हातात घेतली, पण तोंडात घातली नाही.

"चंद्रव्वाच्या सुनंला बलवा," त्या म्हणाल्या. "तिला वाचू द्या."

"अगं, मी वाचलंय की."

"म्हणूनच म्हणते."

चंद्रव्वांची सून रोज तीन वेळा येऊ लागली. पाकीट वाची, तक्ता वाची, मान डोलवी, मग मथुराबाई गोळी घेत. अजिनाथराव पाण्याचा पेला धरून बाजूला उभे असत. चौतीस वर्षांची नोकरी झालेला तो माणूस, त्याने एकदाही कुरकूर केली नाही.

महिन्याने तपासणीला बोलावलं होतं. दवाखान्यात गर्दी होती. नंबर आल्यावर दोघं आत गेले. डॉक्टर हिरेमठांनी कागद बाजूला ठेवला.

"बोला मथुराबाई. काय काय होतंय?"

"तिला रात्री जरा..." अजिनाथराव म्हणाले, आणि थांबले. डॉक्टर त्यांच्याकडे बघत नव्हत्याच.

मथुराबाईही गप्प होत्या. कितीतरी वेळ. प्रश्न समजला नाही की काय, असं वाटण्याइतका वेळ. मग त्या म्हणाल्या, "आत्ताचं सांगू, का पयल्यापासनं?"

"पहिल्यापासून सांगा."

मग मथुराबाईंनी पदर सावरला आणि सांगायला सुरुवात केली. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून केली. सृष्टी झाल्यावर कंबर गेली ती परत आली नाही. एका उन्हाळ्यात चुलीपुढे भोवळ येऊन पडल्या, घरात कुणी नव्हतं, ओलं फडकं डोक्याला बांधून राहिलेल्या भाकरी केल्या. शांत, एकसुरी आवाजात त्या सांगत होत्या. तक्रार नव्हती. कुणी विचारलं म्हणून त्या सांगत होत्या.

"सृष्टीच्या लग्नात, पाठवणीच्या येळी," त्या म्हणाल्या, "डावा हात लई दुखाय लागला. इतका की डोळ्यात पानी आलं. सगळ्यास्नी वाटलं, लेक चाललीया म्हणून रडतीया. ह्यांनीच मला धरलं आन म्हणले, रडू नगंस."

अजिनाथरावांना तो दिवस आठवत होता. त्याचा, दोन हजार अकराचा, फोटोही घरी भिंतीवर होता.

डॉक्टर लिहीत होत्या. पान उलटत होत्या. बाहेर गलका वाढत चालला. वीस मिनिटं झाली, अर्धा तास झाला. कुणीतरी दारावर टकटक केली. पुन्हा केली. डॉक्टरांनी मान वर केली, तेवढ्यात अजिनाथराव उठले आणि दार किलकिलं करून बाहेर आले. बाकांवरची सगळी तोंडं त्यांच्याकडे वळली.

"अवो काका, अजून किती वेळ? आम्हाला श्रीपूरला परत जायचंय."

"बसा," अजिनाथराव म्हणाले. चष्म्याच्या आतून त्यांनी डोळे पुसले. "ती अजून दोन हजार अकरातच आहे."

आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.